जोराची लिपी

पियानोचा हातोडा तारेवर आदळण्याच्या क्षणभर आधी मोकळा सुटतो. पट्टीवर बोट कितीही रेटून धरा, डोळे मिटा, खांदे झुकवा. शेवटचे एक-दोन मिलिमीटर हातोडा एकटाच जातो, तार वाजवतो आणि मागे फिरतो. तेवढ्या प्रवासात वादकाचं काही चालत नाही. त्याच्या हाती उरतं ते इतकंच, की हातोडा केव्हा सोडायचा आणि किती वेगानं सोडायचा. पट्टीवरून बोट कधी उचललं आणि पायाखालचं पेडल कधी दाबलं, हे धरलं की यादी संपली. सतारीवर मिंड काढताना तार छेडल्यानंतरही बोट तिच्यावर काम करत असतं. सारंगीवाला गज थांबेपर्यंत स्वराला सोडत नाही. गाणाऱ्याचं तर विचारायलाच नको. पियानोत मात्र भाव म्हणून जे काही असेल ते स्वर उमटण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

पियानोवादकांना हे बोललेलं फारसं रुचत नाही. यंत्र बनवणाऱ्यांना मात्र यातच वाट दिसली. सगळं ‘केव्हा’ आणि ‘किती’ यांवरच असेल, तर ते कागदावर उतरवता यायला हवं. ‘केव्हा’ सोपं होतं. सरकत्या कागदाला योग्य जागी भोक पाडलं की झालं. ‘किती’नं मात्र घाम फोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या काही कारखान्यांनी या ‘किती’चा पिच्छा पुरवला. रबराच्या नळ्या, पातळ कातडं, स्प्रिंगा आणि भाते यांच्या जोरावर त्यांनी वाजवण्यातला हलकेपणा आणि दमदारपणा लिहून ठेवण्याची एक लिपीच तयार केली. त्या लिपीची ओळख करून देणं, हा या पुस्तकाचा हेतू आहे.

मराठी वाचकानं या भानगडीत का पडावं, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पियानो मुळात थोडे. मुंबईत पारशी, गोवेकर आणि युरोपीय घरांत ते होते. धोबीतलावावरचं फुर्तादोंचं दुकान १८६५ पासूनचं आहे. पण मराठी घरात तंबोरा नि तबल्याच्या शेजारी जाऊन बसली ती पेटी. मी पेटीच्याच वाटेनं इथवर आलो. पेटीचा भाता, नाटकातल्या ऑर्गनचा पायभाता आणि स्वतःहून वाजणाऱ्या पियानोचं पोट, ही तिन्ही एकाच घराण्यातली. हवा कशी धरायची, कशी सोडायची आणि तिची ओढ एकसारखी कशी राखायची, हा तिघांचाही धंदा. ज्याला पेटी उघडून बघायची खोड आहे, त्याला हे पुस्तक परकं वाटणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी राहतो तो मीरा-भाईंदरचा पट्टा असल्या वाद्याला मुळीच मानवणारा नाही. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. जूनमध्ये साध्या पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासायला लागतात. सप्टेंबरपर्यंत स्क्रू गंजलेले असतात. इथे कागदाच्या गुंडाळीवर आणि कातड्याच्या शेकडो पडद्यांवर चालणारं यंत्र ठेवायचं म्हणजे हौसेबरोबर कपाळमोक्षाचीही तयारी हवी. कागद दमटपणानं रुंदावतो. तो रुंदावला, की भोकं आपली जागा सोडतात आणि सा वाजायच्या जागी शेजारचा कोमल रिषभ वाजतो. कातडं कडक होतं, रबरी कापडाला चिरा जातात. वाद्य वाजत राहतं खरं, पण सगळं एकाच जोरात. भावाची यंत्रणा नेहमी सगळ्यात आधी मरते. जुन्या वाद्यांच्या बाबतीत हे जगभर घडलेलं आहे. ‘यांत्रिक पियानो म्हणजे ठोकळेबाज वाजवणं’ हा समज बराचसा त्या गळक्या भात्यांमुळे पसरला.

मुंबईकरांना यांत्रिक संगीताची खरी ओळख झाली ती घड्याळातून. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले होते. त्याच्या घंटा एके काळी सोळा सुरावटी वाजवत. वेळ बिनचूक, सूर बिनचूक आणि प्रत्येक घंटेवर घाव सारख्याच वजनाचा. घड्याळाकडून कोणी याहून जास्त मागत नाही. पियानोकडून मागतात, म्हणून पुढचं सगळं रामायण.

आता यंत्राकडे वळू. शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढलं की पाणी वर चढतं. पाणी आपण ओढतो असं वाटतं, पण खरं तर तोंडातली हवा कमी झाल्यावर बाहेरची हवा त्याला वर ढकलते. स्वयंचलित पियानोत हेच चालतं. पायानं दाबायचे दोन भाते, पुढे विजेचा पंप, वाद्याच्या आतली हवा सतत उपसत असतो. समोर एक पितळी पट्टी, तिला ओळीनं बारीक भोकं, प्रत्येक भोकामागे एक नळी. कागदी रोल त्या पट्टीवरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं, की बाहेरची हवा नळीतून आत शिरते आणि नाण्याएवढा कातडी पडदा उचलते. पडदा झडप उचलतो, झडपेमुळे एका बोटभर लांबीच्या भात्यातली हवा निघून जाते आणि तो भाता मिटतो. मिटताना तो पियानोची कळ दाबतो. एका स्वराला असा एक संच, पूर्ण पियानोला अठ्ठ्याऐंशी. सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा रोल वेगळ्या मापाचा असे. १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलोला कारखानदारांची बैठक झाली, तिथे अठ्ठ्याऐंशी स्वरांचा सव्वाअकरा इंची रोल, इंचाला नऊ भोकं, हे माप ठरलं.

या वर्णनात ‘किती’चं उत्तर लपलेलं आहे. बोटभर भाता किती वेगानं मिटेल, हे आतल्या ओढीवर ठरतं. ओढ कमी असली तर तो आळसावल्यासारखा मिटतो आणि हातोडा तारेला जेमतेम शिवतो. ओढ जास्त असली तर तो झटक्यात मिटतो आणि स्वर कडाडतो. म्हणजे जोर हवा असेल तर प्रत्येक स्वराशी झगडायचं कारण नाही, सगळ्यांच्या मागे असलेल्या त्या एका ओढीला आवर घातला की पुरे. ही ओढ पाण्याच्या इंचांत मोजतात. हलक्यात हलक्या वादनाला पाच-सहा इंच लागतात आणि दणक्यात वाजवायला त्याच्या कितीतरी पट.

एडविन व्होटी यानं १८९५ च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये पहिला पियानोला बनवला. तेव्हा ही ओढ सर्वस्वी पायांवर होती. त्याचा पियानोला म्हणजे एक कपाट होतं. ते साध्या पियानोपुढे सरकवून ठेवायचं, मग त्याची बनातीनं मढवलेली लाकडी बोटं पट्ट्या दाबत. बसणारा माणूस पायांनी भाते मारी, हातांनी लयीचे आणि जोराचे दांडे हलवी. हे नुसतं चावी देऊन गाणं ऐकणं नव्हतं. चांगला पियानोलावाला रागानं एक टाच मारून सम ठोकू शके. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला जे कळतं, तेच त्याच्या पायांना कळत असे. त्या काळचे काही रसिक या पायाच्या कलेवर इतके खूश होते, की पुढे जेव्हा तिची जागा घेणारं यंत्र आलं, तेव्हा त्यांना ती अधोगती वाटली. मला त्यांची बाजू पुरती पटते असं नाही, पण तिच्यात दम आहे.

पायाला रजा देणारं ते यंत्र १९०४ साली आलं. फ्रायबुर्ग गावचे एडविन वेल्टे आणि कार्ल बॉकिश यांनी वेल्टे-मिन्यॉन बाजारात आणला. यात वादक पियानोवर बसून वाजवी आणि त्याचं वाजवणं, त्याच्या जोरासकट, रोलवर उतरे. जोर टिपायची रीत कंपनीनं गुपित ठेवली. वाजवायची रीत मात्र वाद्य उघडून पाहता येते. पियानोचे खर्ज आणि तार असे दोन भाग पाडून प्रत्येकाला ओढीचा वेगळा रेग्युलेटर दिलेला. रोलच्या कडेची भोकं रेग्युलेटरला हुकूम देतात: सावकाश चढ, झटकन चढ, उतर. मध्यावर एक कडी असते. ती लावली, की चढणारा भाता तिथे अडतो. वेल्टेमध्ये पायऱ्या नाहीत, सगळा घाट आहे. भाता किती चढला हे तो किती वेळ चढत राहिला यावर ठरतं. म्हणून एखादी नळी किंचित गळत असेल तर सगळा हिशेब चुकतो आणि पुढची चूक मागच्या चुकीवर चढत जाते.

अमेरिकेतल्या इओलियन कंपनीनं याचं उत्तर शोधलं ते डुओ-आर्टमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. मला या यंत्राचं फार कौतुक आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. डुओ-आर्टच्या पोटात वादी आणि साथ अशा दोन बाजू. प्रत्येक बाजूला एकाखाली एक चार लहान भाते, घडीच्या पंख्यासारखे, एकमेकांना चिकटवलेले. पहिला मिटला की एक षोडशांश इंच आत जातो. दुसरा एक अष्टमांश, तिसरा पाव, चौथा अर्धा. रोलच्या कडेच्या चार भोकांपैकी ज्याचं भोक उघडं, तो भाता मिटणार. एकटा पहिला मिटला तर जोर एक. पहिला आणि तिसरा मिळून पाच. चारही मिटले तर पंधरा. एकही नाही तर शून्य. चार भोकांत सोळा पायऱ्या बसल्या. आज शाळेतली मुलं संगणकाच्या तासाला एक, दोन, चार, आठ अशी जी आकडेमोड शिकतात, तीच कातड्यानं आणि सरसानं चिकटवलेल्या भात्यांमध्ये चाललेली होती. हे चारही भाते मिळून एक दांडा ओढतात, दांडा रेग्युलेटरची झडप हलवतो आणि ओढ तेवढीच राहते. किंमत द्यावी लागली ती अशी: या हुकमांसाठी दोन्ही कडांची चार-चार भोकं खर्ची पडली, त्यामुळे डुओ-आर्टच्या रोलवर वाजवायला ऐंशीच स्वर उरले. अगदी खालचे चार आणि अगदी वरचे चार गप्प बसले. इतक्या टोकाला जाऊन लिहिणारे संगीतकार थोडे, म्हणून सौदा खपून गेला.

एकाच वेळी वाजणाऱ्या चार स्वरांपैकी एकच उठून दिसायला हवा असेल तर? ओढ तर चौघांना समान. यावर तोडगा असा निघाला, की त्या स्वरापाशी रोलच्या काठावर दोन टिकल्यांसारखी भोकं पाडायची. ती आली, की क्षणभर वादी बाजूची ओढ लागू होते. पण एकाच क्षणी पडलेल्या स्वरांत तेवढ्यानंही भागत नाही. मग संपादक तो एक स्वर केसभर मागे-पुढे सरकवत. कानाला सरकलेपण जाणवत नाही, स्वर मात्र वेगळा होतो. गंमत म्हणजे हाडामांसाचे पियानोवादकही हेच करतात, बरेचदा नकळत.

तिसरा गडी अँपिको, अमेरिकन पियानो कंपनीचा, चार्ल्स फुलर स्टॉडर्डच्या डोक्यातून निघालेला. त्यानं पायऱ्या आणि घाट दोन्ही घेतले. तीन भोकांचं वजन दोन, चार आणि सहा. त्यांच्या बेरजेतून सात पायऱ्या. एकदा लावलेली पायरी रद्द करेपर्यंत टिकून राहते. त्यावर सावकाश किंवा भरभर चढणारा वेगळा रेग्युलेटर. १९२० च्या दशकात याच कंपनीत क्लॅरेन्स हिकमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आला. हातोडा तारेवर पडायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात किती वेळ घेतो, हे त्यानं विजेच्या ठिणग्यांनी कागदावर टिपलं. जोराबद्दलचा अंदाज संपून मोजमाप सुरू झालं ते इथे. १९२९ साली सुधारलेला अँपिको बी बाजारात आला. हिकमन आधी रॉबर्ट गॉडर्डबरोबर अग्निबाणांवर काम करत होता आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तिकडेच गेला. हवेच्या दाबावर पोसलेल्या माणसाला दोन्ही कामं एकाच जातीची वाटली असावीत.

पुस्तकातलं एक प्रकरण संपादकांवर आहे आणि ते वाचताना काही वाचक नाराज होतील. डुओ-आर्टच्या ध्वनिमुद्रणात वादकाच्या स्वरांची जागा यंत्र टिपत असे. जोर मात्र शेजारी बसलेला निर्माता कानानं ऐकत चकत्या फिरवून नोंदवत असे. नंतर वादक आणि संपादक मिळून रोल दुरुस्त करत. म्हणजे पादेरेव्हस्कीचा किंवा गर्शविनचा रोल ऐकताना जो नाजूकपणा आपल्याला भावतो, त्यात एका पगारी, तिऱ्हाईत माणसाच्या मनगटाचा वाटा आहे. ही फसवणूक होती का? मला तसं वाटत नाही. नाट्यपदाच्या साथीला बसलेला ऑर्गनवाला गायकाच्या दमाचा अंदाज घेऊन जे करतो, त्याला आपण साथ म्हणतो.

इथून आता आपल्या रंगभूमीकडे यायला हरकत नाही. पेटी हवा बाहेर ढकलते. नाटक कंपन्यांनी आणलेले अमेरिकी धाटणीचे ऑर्गन हवा आत ओढतात, स्वयंचलित पियानोसारखेच. अशा ऑर्गनची मागची फळी काढून बघावी. खाली पायपट्ट्यांना जोडलेले दोन उपसे. त्यांच्यामागे मोठा सपाट भाता, पोटात स्प्रिंगा. स्प्रिंगा त्याला उघडं ठेवायला बघतात, उपसे मिटवायला बघतात आणि त्या रस्सीखेचीतून ओढ एकसारखी राहते. भाता पुरता मिटला तर एक झडप आपोआप उघडते, म्हणजे वाजवणाऱ्याच्या उत्साहानं वाद्य फाटू नये. वर सुरांचे कप्पे, त्यांच्यावर लाकडी झाकणं आणि गुडघ्यापाशी एक दांडा. गुडघा बाहेर रेटला, की झाकणं उघडतात आणि आवाज भरून येतो. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि अहमदजान थिरकवा तबल्यावर असा सरंजाम असे. त्या ऑर्गनमध्ये ‘किती’ ठरवणारी यंत्रणा म्हणजे एका माणसाचे दोन पाय आणि एक गुडघा. पुढे गोविंदराव पटवर्धनांच्या हातून ऑर्गन ज्यांनी ऐकला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाश्चात्त्य हार्मोनियमवर तर ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटीच असे. ती ओढली, की साठवणीचा भाता बाजूला पडतो आणि पायाचा दाब थेट सुरांवर जातो. पाय किंचित डगमगला तरी स्वर डगमगतो. म्हणून नवशिक्याला ती खुंटी ओढू देत नसत. आपल्या हातपेटीत ही खुंटी नाही. चटईवर मांडी घालून वाजवायच्या आपल्या वाद्यात पाय मोकळे राहिले आणि सगळा कारभार डाव्या हाताकडे आला. द्वारकानाथ घोषांनी १८७५ साली कलकत्त्यात हातपेटीला हे रूप दिलं आणि ते देशभर रुजलं.

आता पुस्तकाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे येतो. वेल्टेचा पियानो फ्रायबुर्गहून निघाला, त्यानंतर सात वर्षांच्या आत आपल्याकडे सांगलीला एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरानं सुरांच्या यंत्रात हात घातला होता. त्यांचं नाव कृष्णाजी बल्लाळ देवल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या बाजूला उभे राहिले आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी घडवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. भातखंडे यांना ती पटली नाही आणि त्यावरचा वाद पुढे वर्षानुवर्षं रंगला. आजही ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करते आहे.

दोन्हीकडच्या माणसांपुढे पट्ट्यांचं वाद्य होतं आणि दोघांनाही ते अपुरं वाटत होतं. पण कुठे अपुरं, याबद्दल त्यांचं मत पार वेगळं होतं. फ्रायबुर्गला आणि न्यूयॉर्कला सूर पक्के ठरलेले होते, तिथे अडलं ते जोरापाशी. सांगलीला जोराची कोणाला फिकीर नव्हती, तिथे गांधार किती चढा आणि धैवत किती उतरा, यावर झोप उडाली होती. १९४० ते १९७१ आकाशवाणीनं पेटीला दाराबाहेर ठेवलं. तेव्हाही आरोप हेच होते: मिंड नाही, श्रुती नाही. पेटी जोरात वाजते किंवा हळू वाजत नाही, अशी तक्रार कोणी केली नाही.

आपल्या स्वरलिपीतही हेच दिसतं. भातखंडे यांची क्रमिक पुस्तक मालिका उघडून बघा. कोमलाला खाली रेघ, तीव्राला वर रेघ, सप्तकाला टिंब, मिंडेला कमान, कणाला वर लहान अक्षर, समेला फुली. हलक्यानं म्हणा की दमानं म्हणा, यासाठी खूण नाही. ती राहून गेली असं मी म्हणणार नाही. जोर हा गुरूच्या समोर बसून उचलायचा भाग मानला गेला. शिवाय ज्या गाण्यात दर आवर्तनाला सगळं बदलायचं, त्यात जोराचे आकडे मांडून करायचं काय? युरोपी संगीतात मात्र रचना ठरलेली, सूर ठरलेले, म्हणून वादकाची ओळख पटवायला लय आणि जोर एवढंच उरलं. तिथे जोराची लिपी जन्मली ती गरजेपोटी. हे पुस्तक लिहिताना मला सगळ्यात जास्त याच फरकानं धरून ठेवलं. वाचकांनी माझ्याशी भांडायचं असेल तर इथे भांडावं.

या लिपीनं काय वाचवलं, याचं एक उदाहरण पुरे. गुस्ताव मालर हा आपल्या पिढीचा मोठा संगीतकार. त्याच्या आवाजाची किंवा वादनाची एकही तबकडी नाही. पण ९ नोव्हेंबर १९०५ रोजी लाइपझिगला त्यानं वेल्टेसाठी चार रोल वाजवले आणि त्यात त्याच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचंही ध्वनिमुद्रण नाही. स्वयंवरच्या चालींतून, शिष्यांच्या गळ्यांतून त्यांचा अंदाज करत राहायचं, दुसरं हाती काही नाही. अर्थात त्यांच्या बाबतीत कागदाची भोकंही कामाची नव्हती. गळ्याला सोळा पायऱ्या कुठून पुरणार?

ही यंत्रं गेली कशी, त्यावर मोठं प्रकरण लिहावं असं काही नाही. १९२३ साली अमेरिकेत बनलेल्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त स्वयंचलित होते. मग रेडिओ आला, १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, १९२९ ला शेअरबाजार कोसळला. १९३२ साली एकमेकांच्या उरावर बसलेल्या इओलियन आणि अमेरिकन पियानो या दोन कंपन्या एकत्र आल्या, तोवर वाटून घ्यायला फारसं उरलं नव्हतं. मेक्सिको सिटीत कॉन्लन नॅनकॅरो नावाचा संगीतकार पुढची कित्येक वर्षं एकटाच स्वतःच्या हातानं रोलला भोकं पाडत बसला आणि माणसाच्या दहा बोटांना कधीच जमणार नाही असं संगीत लिहीत राहिला. त्याच्यावर पुस्तकात जास्त पानं खर्च केली आहेत, ती माझी हौस समजा.

मीरा रोडच्या सोसायट्यांत संध्याकाळी जी मुलं इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या शिकवणीला जातात, त्यांच्या पट्टीखाली आज हीच लिपी बसलेली आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’च्या नियमांत पट्टी किती वेगानं दाबली याला १ ते १२७ असा आकडा मिळतो. डुओ-आर्टच्या चार भोकांच्या जागी सात आली, एवढंच. आणि हे कीबोर्ड बहुधा ज्या यामाहाचे असतात, त्या कंपनीची सुरुवात १८८७ साली हमामात्सूच्या एका शाळेतला पायऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली होती.

शेवटी ऐकण्याबद्दल एक-दोन कामाच्या गोष्टी. रोलवरून घेतलेली ध्वनिमुद्रणं आज भरपूर मिळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठानं तर जुन्या रोलची छायाचित्रं काढून ती संगणकावर वाजवायची सोय केली आहे. पण एकाच रोलची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकलीत तर दोन वेगळे वादक वाजवताहेत असं वाटेल. रोलमध्ये हुकूम असतो, तो पाळणारे भाते कसे लावले आहेत हे त्या पियानोच्या कारागिरावर असतं. म्हणून एखादा थोर वादक रोलवर लंगडा वाटला, तर त्याला नावं ठेवण्याआधी वाद्य कोणी लावलं ते बघावं.

लावण्याची रीत डुओ-आर्टच्या उदाहरणानं सांगतो. वाद्याबरोबर तपासणीचा वेगळा रोल येत असे. आधी जोराची सगळी भोकं बंद, म्हणजे पायरी शून्य. या पायरीवर एकेक स्वर वाजवायचा आणि रेग्युलेटरची स्प्रिंग इतकी सैल करत आणायची, की काही स्वर वाजेनासे होतील. मग ती परत केसभर ताणायची, सगळे स्वर नुकते कुठे उमटायला लागेपर्यंत. पहिली पायरी, दुसरी पायरी, हे सगळं त्यानंतर. शून्य चुकलं तर पंधरापर्यंतचे सगळे आकडे चुकतात. पेटी दुरुस्त करणारे कारागीरही नवा भाता बसवल्यावर आधी सगळ्यात हलका स्वर तपासतात. जोरात वाजवून कधीच नाही.